आत्या आणि टिटवीचं बाळंतपण

आमच्या आत्याच्या नजरेतून सुटेल अशी गरोदर बाई, म्हैस किंवा पाखरू हिंगोली जिल्ह्यात अजून जन्माला यायचं आहे. बाजारात भाजी घेता घेता ती समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी सुनेवर ओझरती नजर टाकते आणि "चौथा लागला वाटतं. हिकडून चाल माय, तिकडं चिखल हाये," म्हणून तिचा हात धरते. त्या बिचारीने अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. एकदा शेजाऱ्यांची म्हैस गाभण नाही असं जनावरांच्या डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं, तर आत्या कुंपणावरून म्हणाली, "डॉक्टर, तुमी मागून बघून राहिले, मी तोंड बघून राहिले. हिच्या तोंडावर तेज हाये." म्हैस त्या हंगामात व्याली. तेव्हापासून ते डॉक्टर आमच्या गल्लीतून गाडी जरा जोरातच नेतात.

आत्याने सगळी हयात पुसेगावच्या बाजूच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून काढली. तिला स्वतःचं मूलबाळ झालं नाही. यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली. पण आत्या एकटी आहे असं कुणाच्या मनात येत नाही, कारण निम्म्या तालुक्याला तिने पायाला धरून, उलटं टांगून पहिल्यांदा रडवलेलं आहे. त्या निम्म्यात मीही आलो. आपल्याला अशा अवस्थेत पाहिलेल्या माणसापुढे फार ताठ मानेने बोलता येत नाही. सेवानिवृत्त होऊन ती आखाडा बाळापूरला राहायला आली तेव्हा पहिला महिना तिने बीपीचं मशीन घेऊन गल्लीत फिरण्यात घालवला. गल्लीत तोवर कुणी आजारी नव्हतं. महिनाअखेरीस सगळेच होते. शेवटी लोक तिला पाहून कड्या लावू लागले, आणि तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला रोज मोकळ्यावर चालायला सांगितलं. वारंगा फाट्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जाता जाता तिला वनउद्यानात सोडायचं आणि तासाभराने परत न्यायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

वनउद्यान हे नाव जरा मोठं आहे. रस्त्याला लागून एक उघडा माळ, त्याला तारेचं कुंपण, आत कडुनिंब, करंज, खैर, बाभळी, मधून एक मुरमाची पायवाट आणि खालच्या अंगाला एक लहानसा पाझर तलाव. फाटकाशी 'आपल्या उद्यानातील पक्षी' असा मोठा फलक होता. त्यावरची सगळी चित्रं उन्हाने पांढरी पडली होती, त्यामुळे मोरापासून चिमणीपर्यंत सगळेच बगळे दिसत. उद्यानाचे रखवालदार अन्वरभाई त्या फलकाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे. पहिल्याच दिवशी आत्याने त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, "इथं पाखरं किती हायेत?"

"लई हायेत बाई."

"लई म्हंजे किती?"

अन्वरभाईंनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे... बहोत."

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस ते खुर्चीत बसले नाहीत.

गंमत अशी की पाखरं मोजण्याचं काम खरोखरच उद्यानाकडे होतं. दर महिन्याला पक्षी, फुलपाखरं, झाडं, जनावरं यांची नोंद मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये भरायची आणि दर रविवारी गावकऱ्यांना निसर्गफेरी घडवायची, असं ठरलेलं होतं. अन्वरभाई इमानदारीत दर महिन्याला 'मोर पाच, ससे दोन, बाकी ठीक' एवढं भरत. मागचा महिना आणि पुढचा महिना यांत काही फरक पडला तर वरून विचारणा होईल, ही त्यांची भीती. आत्याने ते वाचलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी काखेत रजिस्टर मारून आली. रजिस्टर तिने स्वतः आखलं होतं, तिला पाठ असलेल्या रकान्यांप्रमाणे: नाव, अंदाजे वय, कितवी खेप, प्रकृती, शेरा. त्या दिवसापासून त्या माळावरच्या जीवसृष्टीची जी नोंद सुरू झाली तशी जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. 'मोर क्रमांक तीन: प्रकृती उत्तम, वागणूक उद्धट.' 'नीलगाय, मोठी: दिवस भरत आले, अंगात रक्त कमी वाटते, गूळ-शेंगदाणे सांगता येत नाहीत.' 'वानरीण, शेपटीला गाठ असलेली: बाळंतीण व बाळ सुखरूप, सासू त्रास देते.' हे सगळं अ‍ॅपमध्ये भरायचं काम माझं. अ‍ॅपला फक्त नाव आणि आकडा लागतो. सासूचा रकाना त्यात नाही, हे आत्याला पटवता पटवता माझ्या दुकानाची सकाळची गिऱ्हाइकं निघून जायची.

रविवारच्या फेरीचंही तिने असंच केलं. आधी फेरीला तीन माणसं येत, त्यातली दोन वाट चुकलेली असत. आत्याने बचत गटाच्या बाया आणल्या, त्यांच्यामागून लेकरं आली, आणि बाया एवढं हसून काय राहिल्या हे बघायला नवरेही आले. आत्याला पाखरांची शास्त्रीय नावं येत नाहीत. तिला त्यांची घरची परिस्थिती माहीत असते. सातभाईंचा थवा झुडपात कलकलाट करत असला की ती बचत गटाला म्हणते, "ही बघा तुमची मीटिंग. सगळ्या एकदम बोलून राहिल्या, ठराव कायीच न्हाई." सुगरणीच्या झाडाखाली ती लग्नाळू पोरांना ओळीने उभं करते. "हा नर. यानं घर बांधलं. ही बाई आली, आत जाऊन बघितलं, आन न्हाई म्हनली. आता हा दुसरं बांधून राहिला. रुसला का? दारू प्याला का? न्हाई." धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो, हे सांगून झालं की ती नवऱ्यांच्या घोळक्याकडे वळून नुसती पाहते. त्यापुढे बोलायची गरज पडत नाही. पाच-सहा जण तरी त्या दिवशी घरी जाताना केळी घेऊन गेले, हे मी फाट्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे.

फेरीत शांतता पाळायची, हा तिचा पहिला नियम. अडचण एवढीच की आत्याचा आवाज चालत्या ट्रॅक्टरवरून पलीकडच्या शेतात पोचतो. "कोनी आवाज करायचा न्हाई!" असं ती ओरडली की झाडाझाडांतून पाखरं भर्रकन आभाळात उठत. आम्ही कपाळाला हात लावायचो. आत्या शांतपणे पेन उघडायची. "बसल्यावर पानात दिसत न्हाईत. आता मोकळ्यावर आले. मोज पटापट."

आता यात एक माणूस राहिला, तो म्हणजे उद्यानाच्या देखभाल समितीचे अध्यक्ष. खत-बियाण्यांचे व्यापारी, मनाने अगदी चांगला माणूस, पण त्यांना सिमेंटचा फार लळा. उद्यानात त्यांनी सिमेंटचं एक हरीण बसवलं होतं. लेकरं त्याला कुत्रा म्हणत आणि कुत्री त्याच्यावर भुंकत. त्या उन्हाळ्यात सुट्टीतल्या निसर्ग शिबिराच्या निमित्ताने तलावाकाठचा मोकळा माळ जेसीबीने सपाट करून तिथे सिमेंटचा पिसारा फुलवलेला मोर आणि सेल्फी पॉइंट करायचं त्यांनी ठरवलं. जागा ठरली, दिवस ठरला. आणि नेमकं त्याच माळावर, एका रविवारी, पुढे चाललेली आत्या हात वर करून थांबली.

समोर एक माळटिटवी, मान खाली घालून, हळूच, कुणी पाहत नाही ना अशा बेताने चालत निघाली होती.

"ही काहून चोरासारखी जाऊन राहिली?" आत्या म्हणाली. "हिच्या घरी कोनीतरी हाये."

सगळ्यांना जागेवर बसवून ती एकटी वाकत वाकत पुढे गेली. पाव तासाने तिने मला बोलावलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. मला मुरूम दिसला. तिने परत दाखवलं. मला परत मुरूम दिसला. तिसऱ्यांदा तिने माझी मानगूट धरून डोकं खाली केलं तेव्हा त्या मुरमातले चार खडे जरा गोल, जरा ठिपक्याठिपक्यांचे दिसले. ना गवत, ना काडी, ना आडोसा. उघड्या जमिनीवर, एप्रिलच्या उन्हात, चार अंडी.

त्या संध्याकाळी आत्याने लांबून चुन्याचं एक मोठं रिंगण मारलं आणि काठीला पुठ्ठा बांधला: 'बाळंतिणीची खोली. पुरुषांनी आत येऊ नये.' दुसऱ्याच आठवड्यात तिने दुसरी ओळ स्वतः खोडली, कारण टिटवीचा नरही आळीपाळीने अंड्यांवर बसतो हे तिने पाहिलं. हा नर तिला एवढा आवडला की रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'गुणाचा' असा शेरा आहे, जो माझ्या माहितीप्रमाणे तिने आजवर कोणत्याही पुरुषाला दिलेला नाही. रोज दुपारी ती काळी छत्री घेऊन दूरच्या खैराखाली बसू लागली. ऊन तापलं की टिटवी तलावावर जायची, पोटाची पिसं पाण्यात भिजवायची आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसायची. "बघ," आत्या मला म्हणाली, "ओल्या घड्या ठेवून राहिली. कोनी शिकवलं तिला?"

मी वैतागून एकदा विचारलं, "आत्या, एवढं ऊन, तुझे गुडघे असे. एका टिटवीसाठी काहून एवढं?"

आत्या टिटवीवरची नजर न हलवता म्हणाली, "माझ्या हातून जी बाळंतपनं सुखरूप झाली त्यांची नावं मला आठवत न्हाईत. इतकी झाली. पन जी दोन-तीन न्हाई झाली, त्या बायांची नावं मला पाठ हायेत. त्यांच्या गावाचीबी." आणि लगेच ओरडली, "सावली सोड माझी, हिकडं उन्हात सरक! तुला काय झालंय?"

जेसीबीच्या दिवशी सकाळी अन्वरभाईंचा फोन आला. "भैया, जल्दी या. जेसीबी आली, अध्यक्षसाहेब आले, आन बाई बकेटात बसल्या."

"कशात?"

"जेसीबीच्या बकेटात. छत्री उघडून."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून पळालो. खरोखरच आत्या त्या पिवळ्या बकेटात पाय सोडून, डोक्यावर छत्री धरून बसली होती, आणि समोर उकिडव्या बसलेल्या ड्रायव्हरच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला होता. फुसफुस हवा भरून तिने काट्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "एकशे साठ! तुला मशीन चालवता यायची न्हाई. घरी जा, मीठ कमी कर." ड्रायव्हर एवढा हादरला की खैराखाली जाऊन आडवाच झाला. अन्वरभाई त्याला छातीवर हात फिरवून "कुछ नहीं होता, बाई सगळ्यांचंच वाढवून सांगतात" असा धीर देत होते, पण स्वतःचीही नाडी बघत होते.

अध्यक्ष पांढऱ्या शर्ट-पँटीत घामाघूम उभे होते. "बाई, मला तकलीफ न्हाई तुमची. पन अंडी हायेत कुठं? मला तर नुसते गोटे दिसून राहिले," असं म्हणत ते चुन्याची रेघ ओलांडून तरातरा आत गेले.

"पाय खाली टेकू नका!" आत्या गरजली.

अध्यक्षांचा उजवा पाय हवेतच राहिला. आत्याच्या आवाजात असं काही असतं की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. अन्वरभाई धावत गेले आणि त्यांनी खांदा दिला. त्या खांद्यावर हात ठेवून अध्यक्ष एका पायावर उभे राहिले. तेवढ्यात टिटवीची जोडी आली. दोघंही टीं-टीं करत अध्यक्षांच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली, आणि प्रत्येक घिरटीला अध्यक्ष मान आत ओढू लागले. आत्या बकेटातून सावकाश उतरली, रेघेपाशी आली, रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी वाचायला लागली.

"बाई, पाय ठेवू द्या आधी," अध्यक्ष काकुळतीला आले.

"आधी ऐका. बाळंतपनाला अजून आठ दिवस हायेत. तोवर हितं मशीन यायची न्हाई. आन नंतरबी न्हाई, कारन पुढच्या साली ही हितंच येनार."

"मोर कुठं बसवू मग?"

"फाटकापाशी बसवा. तिथं त्याला कोनाचा तरास न्हाई."

"बरं, दिलं. फाटकापाशी. पाय?"

"डावीकडं. अजून डावीकडं. आता ठेवा."

अध्यक्षांनी पाय ठेवला, हुश्श केलं आणि आपण एवढा वेळ कशावर तरंगत होतो ते बघायला खाली वाकले. मग तसेच वाकून राहिले. आम्हाला वाटलं, कमरेत उसण भरली. पण ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. "आरं, हे तर खरंच हायेत," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या बुटापासून इतभर."

त्यानंतर हा माणूस पार बदलला. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो गाडी घेऊन यायचा, रेघेच्या बाहेर बूट काढून उभा राहायचा आणि विचारायचा, "झाली का?" खतांच्या पोत्यांवर बसलेल्या शेतकऱ्यांना तो टिटवीचं बाळंतपण सांगू लागला. नांगरताना बांधाकडेला टिटवी उठली तर तेवढा तुकडा सोडून नांगरा, असंही सांगू लागला. सिमेंटचा मोर फाटकापाशी बसला. तो कोंबड्यासारखा झाला आहे.

आठव्या दिवशी पहाटेच आत्याने मला उठवलं. पिशवीत रजिस्टर, दोन पेनं आणि का कोण जाणे, एक स्वच्छ धुतलेला मऊ पंचा. आम्ही पोचलो तर जागा रिकामी होती. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की अंग वाळताच चालायला लागतात, ती घरट्यात थांबत नाहीत, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. फुटक्या टरफलांचे एक-दोन तुकडे आणि एक न फुटलेलं अंडं, एवढंच होतं. आत्या मटकन खाली बसली. तो पंचा तिच्या मांडीवर तसाच घडी घातलेला. मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्ष आले, त्यांनी बूट काढले आणि रेघेबाहेरच उभे राहिले.

तेवढ्यात अन्वरभाई पुटपुटले, "बाई... एक गोटा चालला."

खरोखरच चालला होता. मग दुसरा चालला. तिसरा जरा अडखळला, बसला, पुन्हा उठला. मुरमाच्या रंगाची तीन पिल्लं, काडीसारख्या पायांवर, तलावाच्या दिशेने निघाली होती, आणि आईबाप दोन्ही बाजूंनी ओरडत होते. आत्याने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि लिहिलं, 'तीन सुखरूप.' चौथं अंडं तिने पुरा दिवस तिथेच राहू दिलं. दुसऱ्या सकाळीही ते थंडच होतं. तेव्हा तिने ते पंच्यात घेतलं आणि मला खैराखाली पुरायला लावलं. त्याच्या नोंदीपुढे काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

मी पिल्लांचा फोटो अ‍ॅपवर पाठवला. चार दिवसांनी शहरातून उत्तर आलं की चित्रात पक्षी दिसत नाही, फक्त दगड दिसतात. आत्या म्हणाली, "त्यांना म्हनाव, हितं या. मी मानगूट धरून दाखवते."

याला तीन उन्हाळे झाले. आता आत्याचे गुडघे पार गेले आणि डॉक्टरांनी तिला माळ चढायला बंदी केली. रविवारची फेरी बचत गटाच्या बाया काढतात, अन्वरभाई नवरे मंडळींना धनेशाची गोष्ट सांगतात, आणि मी रजिस्टर लिहितो. माझ्या नोंदी कोरड्या असतात हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो तर ओसरीवर अंधार होता. बटनाकडे हात नेला तर तिने आतून "शूऽ" केलं. बल्बच्या वायरीच्या वेटोळ्यात बुलबुलाने घरटं केलं होतं, आणि आत्याने बल्ब काढून ठेवला होता. पिल्लं दोन होती. पिसं फुटायला लागली होती. "उडाली की फोन करते," ती म्हणाली. "मग येऊन बल्ब लाव. तोवर असंच बसू."

त्या दिवसापासून मी रोज दुकान बंद केलं की तिच्याकडे जातो. अंधारात आम्ही दोघं ओसरीवर बसतो, ती चहा देते, मी माळावरचं काय काय ते सांगतो, ती मधूनमधून "हं, मग?" करते. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर पंधरा दिवसांच्या आत उडून जातात. हे मला तिनेच शिकवलं आहे. आज महिना उलटून गेला. घरट्यात कुणी नाही हे मला दिसतं. तिला दिसत नसेल असं कसं म्हणू?

फोन अजून आलेला नाही. मीही बल्बचा विषय काढत नाही.